धुळीचे वजन आणि मज्जापेशीचे वय

कोणत्याही शास्त्राचा आरंभ मोजमापाने होतो, आणि मोजमापाचा आरंभ डोळ्यांना जे दिसते तेथून होतो. मनुस्मृतीत वजनांचे कोष्टक सांगताना झरोक्यातून येणाऱ्या कवडशात तरंगणारा रजःकण हा पहिला मान धरला आहे व त्यास ‘त्रसरेणू’ ही संज्ञा दिली आहे. दृष्टीस पडणारा तो सर्वांत लहान पदार्थ, तेव्हा मोजणीची पहिली पायरी तीच, असा हा सरळ विचार होय. प्रस्तुत लेखात ज्या कणांचा परामर्श घ्यावयाचा आहे, ते त्रसरेणूहून शेकडो पटींनी लहान आहेत. कवडशात ते दिसत नाहीत; साध्या सूक्ष्मदर्शकातही त्यांची आकृती उमटत नाही. तथापि सजीवांच्या शरीरात, विशेषतः वृद्धत्वाकडे झुकणाऱ्या मज्जापेशींत, त्यांचा काही परिणाम होतो काय, हा प्रश्न गेल्या वीस-पंचवीस वर्षांत शास्त्रज्ञांपुढे उभा राहिला आहे. त्याचे जे उत्तर मिळू लागले आहे ते आमच्या माळव्या-निमाडातील वाचकांनी ऐकावे असे आहे. कारण त्यातील मुख्य पदार्थ या भागास फार परिचित, किंबहुना फार महाग पडलेला आहे.

प्रथम शब्दाविषयी. मीटरचा एक अब्जांश म्हणजे एक नॅनोमीटर. ज्या कणाची लांबी, रुंदी वा जाडी सुमारे १ ते १०० नॅनोमीटरांच्या दरम्यान असते त्यास नॅनोकण म्हणतात. मराठीत ‘अब्जांश’ हा शब्द या अर्थी रूढ होऊ लागला आहे व तो आम्हांस योग्य वाटतो. म्हणून पुढे आम्ही ‘अब्जांश कण’ असेच म्हणू. माणसाच्या केसाची जाडी ढोबळ मानाने ८०,००० नॅनोमीटर भरते. ५० नॅनोमीटरांचे कण एकाशेजारी एक मांडले, तर केसाच्या रुंदीत सोळाशे कण बसतील, एवढी कल्पना वाचकांस पुरे.

आता पदार्थाविषयी. धार शहराच्या नैर्ऋत्येस, डोंगराळ मुलखात, गंधवानी हे तालुक्याचे गाव आहे. पवारांच्या धार-देवासशी मराठी माणसाचे नाते जुने आहे. परंतु त्या नात्याच्या वर्णनात वाडे, छत्र्या आणि ग्रंथालये जितकी येतात, तितका हा भिल्ल-भिलालांचा डोंगरपट्टा येत नाही. शेती पावसावर अवलंबून, जमीन हलकी. त्यामुळे पिके निघाली की कुटुंबेच्या कुटुंबे मजुरीसाठी बाहेर पडतात. धार, झाबुआ व अलीराजपूर या जिल्ह्यांतील असे अनेक मजूर गुजरातेत गोध्रा व बालासिनोर येथील गारगोटी दळण्याच्या कारखान्यांत गेले. गारगोटी म्हणजे स्फटिकरूप सिलिका. तिची पूड काचेच्या व इतर उद्योगांना लागते. पूड करणे, चाळणे आणि पोत्यांत भरणे या प्रत्येक पायरीस बारीक धूळ उठते. ती श्वासावाटे फुप्फुसांत जाऊन बसते आणि काही काळाने सिलिकोसिस हा असाध्य रोग जडतो. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१० मध्ये मृतांच्या वारसांस भरपाई देण्याची शिफारस केली. आणि ४ मे २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मध्यप्रदेशातील २३८ मृत मजुरांच्या वारसांस प्रत्येकी ३ लाख रुपये द्यावेत असा आदेश गुजरात शासनास दिला. हयात रुग्णांच्या पुनर्वसनाची जबाबदारी मध्यप्रदेशाकडे आली.

शिक्षकवर्गाने येथे आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. आमच्या पिढ्यान् पिढ्यांची मुळाक्षरे ज्या पाटीवर गिरवली गेली, त्या पाटीची पेन्सिल माळव्यातीलच मंदसोर येथे तयार होत असे. आणि पेन्सिलीसाठी दगड कापणाऱ्या कामगारांनाही हाच रोग होत असे. त्यांच्या कल्याण निधीसाठी मध्यप्रदेशात १९८२ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. सिलिकेच्या धुळीचा इतिहास हा अशा रीतीने आमच्या शाळेच्या इतिहासाशीही जोडलेला आहे.

या धुळीचे फुप्फुसांतील कार्य आता चांगले उलगडले आहे. श्वासाबरोबर जाणाऱ्या मोठ्या कणांना नाक व श्वासनलिका अडवतात. परंतु चार-पाच मायक्रोमीटरांहून, म्हणजे चार-पाच हजार नॅनोमीटरांहून लहान कण थेट वायुकोशांत उतरतात. तेथे परक्या वस्तू गिळून टाकणाऱ्या भक्षकपेशी असतात. त्या गारगोटीचा कण गिळतात, पण पचवू शकत नाहीत. उलट त्या कणाने स्वतःच मरतात. मरताना त्या जी द्रव्ये सोडतात त्यांनी दाह होतो. मोकळा झालेला कण दुसरी पेशी गिळते आणि तेच चक्र पुन्हा सुरू होते. दाहाच्या जागी तंतुमय गाठी होतात व फुप्फुस कठीण बनते. मजुराने कारखाना सोडला तरी कण त्यास सोडत नाही. म्हणून काम सुटल्यावरही रोग वाढत राहतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये स्फटिकरूप सिलिकेची श्वासावाटे जाणारी धूळ मानवास कर्करोगकारक म्हणून पहिल्या गटात घातली.

आतापर्यंतची कथा हजारो नॅनोमीटरांच्या कणांची झाली. याच द्रव्याचे कण शंभर नॅनोमीटरांच्या खाली आले की काय होते, हा पुढचा प्रश्न. येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. प्रयोगशाळांत व उद्योगांत वापरले जाणारे सिलिकेचे अब्जांश कण बहुधा मुद्दाम तयार केलेले व अस्फटिक असतात. गारगोटीची धूळ स्फटिकरूप असते. दोन्हींचे रासायनिक घटक एकच असले तरी रचना भिन्न आहे, आणि एकाविषयी सिद्ध झालेली गोष्ट दुसऱ्यास जशीच्या तशी लावणे अशास्त्रीय होईल. आम्ही या दोहोंना एकत्र मांडतो ते त्यांना एक मानून नव्हे. दोहोंच्या बाबतीत आमच्या मोजमापाची उणीव एकच आहे, म्हणून.

ती उणीव थोड्या गणिताने कळेल. एक सेंटिमीटर बाजूचा घन घेतला तर त्याचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर भरते. त्याचे पाच मायक्रोमीटर बाजूचे बारीक घन केले, तर सर्वांचे मिळून पृष्ठफळ सव्वा चौरस मीटरच्या आसपास, म्हणजे एका लहान पाटाएवढे नव्हे तर एका मेजाएवढे होते. तेच घन पन्नास नॅनोमीटर बाजूचे केले, तर पृष्ठफळ १२० चौरस मीटर होते. दोन-तीन मोठ्या वर्गखोल्यांची जमीन त्याने झाकली जाईल. द्रव्य तेवढेच, वजन तेवढेच. पण सजीव पेशीशी ज्या पृष्ठाचा संबंध येतो ते शंभर पटींनी वाढले. पेशीवर होणारी क्रिया पृष्ठावर घडते, हे लक्षात घेतले म्हणजे केवळ वजनाने धुळीचे मोल ठरवणे किती अपुरे आहे ते उघड होते.

याशिवाय लहान कण अशा ठिकाणी पोहोचतात की जेथे मोठ्यांस प्रवेश नाही. जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथील संशोधिका ॲना फॉन मिकेत्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली मानवी पेशींच्या संवर्धनावर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. ४० ते ८० नॅनोमीटरांचे सिलिकाकण पेशीच्या केंद्रकात शिरले आणि तेथे प्रथिनांच्या असामान्य गुठळ्या झाल्या. त्याच सिलिकेच्या मोठ्या कणांनी असे केले नाही. केंद्रक म्हणजे आनुवंशिक द्रव्याचे कोठार. तेथे होणाऱ्या या गुठळ्या काही मज्जारोगांत आढळणाऱ्या गुठळ्यांची आठवण करून देणाऱ्या होत्या, आणि त्यामुळेच मज्जापेशींकडे लक्ष वळले.

मज्जापेशी आणि तिचे वार्धक्य यांविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. त्वचेची पेशी झिजते व तिच्या जागी नवी येते. मज्जापेशी बहुतांशी जन्मभर एकच राहते. शाळेत पाढे म्हणताना जी होती, तीच सत्तराव्या वर्षी असते. पेशीतील सर्व कामे प्रथिने करतात, आणि प्रथिन उपयोगी पडण्यासाठी त्याच्या साखळीची विशिष्ट घडी पडावी लागते. घडी बिघडलेली प्रथिने चिकट होतात व एकमेकांस धरून गुठळ्या करतात. त्यांची निरवानिरव करण्यासाठी पेशीत दोन व्यवस्था आहेत. एक, घडी सुधारणाऱ्या साहाय्यक प्रथिनांची. दुसरी, जे सुधारत नाही त्यावर युबिक्विटिन या लहान प्रथिनाची खूण लावून त्याचे तुकडे करणाऱ्या प्रोटिआझोम या यंत्रणेची. घरात रोजचा केर रोज निघावा, तशीच ही गोष्ट आहे. वय वाढते तशी ही केर काढण्याची शक्ती मंदावते, व गुठळ्या साचू लागतात. अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली आपल्या स्मृतिभ्रंशाच्या रुग्णेच्या मेंदूतील ज्या विकृतींचे वर्णन केले, त्यांचे मूळ द्रव्य अशीच साचलेली प्रथिने होत. त्यांपैकी तंतुरूप झालेल्या गुठळ्यांस अमायलॉइड म्हणतात.

हे सर्व मनुष्यात जन्मभर पाहत बसणे शक्य नाही. म्हणून संशोधक एका क्षुद्र जीवाकडे वळले. मातीत राहणारा, सुमारे एक मिलिमीटर लांबीचा, काचेसारखा पारदर्शक असा एक सूत्रकृमी आहे. सीनोरॅब्डायटिस एलिगन्स हे त्याचे शास्त्रीय नाव. सिडनी ब्रेनर यांनी १९६० नंतरच्या दशकात त्याला संशोधनात आणले व २००२ मध्ये त्यांस नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. या कृमीच्या उभयलिंगी प्रकारात नेमक्या ३०२ मज्जापेशी असतात आणि त्यांच्या जोडणीचा नकाशा १९८६ मध्येच प्रसिद्ध झाला आहे. त्याचे सारे आयुष्य काही आठवड्यांचे. त्यामुळे तारुण्य, मध्यमवय व वार्धक्य ही तिन्ही महिनाभरात पाहावयास मिळतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही संध्या कौशिका यांच्या प्रयोगशाळेत याच कृमीच्या मज्जापेशींतील द्रव्यांच्या वाहतुकीचा अभ्यास होत आला आहे. तेव्हा हा जीव मराठी मुलखास अगदी परका नाही.

ड्युसेलडॉर्फच्या गटाने या कृमीवर जे प्रयोग केले त्यांचे सार असे. २०१३ मध्ये त्यांनी दाखविले की, सिलिकेच्या अब्जांश कणांच्या संपर्कात आलेल्या कृमीत युबिक्विटिनची खूण लागलेली परंतु निकालात न निघालेली प्रथिने अकाली साचतात, पेशीकेंद्रकांत अमायलॉइड होते आणि अन्न ओढून घेणाऱ्या घशाचे आकुंचन-प्रसरण मंदावते. ही तिन्ही लक्षणे निरोगी कृमीतही दिसतात, पण म्हातारपणी. कणांनी कोणताही नवा रोग निर्माण केला नव्हता. वार्धक्य वेळेआधी आणले होते. चांदीच्या व पॉलिस्टायरीनच्या अब्जांश कणांनी प्रथिनांचा असा संचय झाला नाही; म्हणजे केवळ लहानपणा पुरेसा नसून द्रव्याचा गुणही त्यात आहे.

२०१६ मध्ये पुढची पायरी गाठली गेली. या कृमीत अंडी घालण्याच्या क्रियेचे नियंत्रण करणाऱ्या मज्जापेशींची एक जोडी आहे. सेरोटोनिन या द्रव्याच्या द्वारे त्या आपला संदेश स्नायूंकडे पाठवतात. सिलिकाकणांच्या संपर्काने या पेशींच्या लांब तंतूत प्रथिनांच्या गुठळ्या झाल्या. गाडीवाटेत दरड कोसळावी व माल अलीकडेच अडकून पडावा, तसे सेरोटोनिन तंतूतच साचले. संदेश क्षीण झाला व अंडी घालणे मंदावले. गुठळ्यांत सापडलेल्या प्रथिनांची छाननी केली तेव्हा त्यांत घडी सुधारणारी साहाय्यक प्रथिने आणि प्रोटिआझोमचे भागही आढळले. केर काढणारेच केरात गाडले गेले होते! आणि अमायलॉइड होण्यास प्रतिबंध करणारी द्रव्ये दिली असता कृमीची हालचाल व अंडी घालणे सुधारले. या अखेरच्या निरीक्षणाचे महत्त्व मोठे आहे. कारण त्यावरून गुठळी ही केवळ सोबतीण नसून बिघाडाच्या साखळीतील एक कडी आहे असे ठरते.

२०१८ मध्ये याच गटाने आणखी एक सुधारणा केली. विषारीपणाच्या बहुतेक चाचण्या तरुण जीवांवर व थोड्या वेळापुरत्या होतात. त्यांनी कृमीचे सुमारे ३४ दिवसांचे संपूर्ण आयुष्य डोळ्यांखाली घातले. तेव्हा दिसून आले की, चांदीचे अब्जांश कण, ज्यांनी २०१३ च्या कसोटीत प्रथिनांचा संचय केला नव्हता, तेही पुरेशा प्रमाणात असतील तर वयाबरोबर होणारी पोहण्याच्या शक्तीची घट लवकर आणतात आणि सेरोटोनिनच्या काही मज्जापेशींचा ऱ्हास घडवितात. जस्त व सेरियम यांच्या ऑक्साइडांनी मात्र तसे केले नाही. अल्पकाळाच्या चाचणीत जे निर्दोष ठरावे, ते आयुष्यभराच्या चाचणीत सदोष ठरू शकते, हा या प्रयोगाचा धडा होय.

कृमी म्हणजे मनुष्य नव्हे, हे येथे ठासून सांगितले पाहिजे. त्याला फुप्फुसे नाहीत. रक्त आणि मेंदू यांच्यामधील जो संरक्षक पडदा मनुष्यास आहे, तो त्याला नाही. परंतु प्रथिनांची घडी, युबिक्विटिनची खूण व प्रोटिआझोम या गोष्टी दोघांत सारख्याच आहेत. आता कण मेंदूपर्यंत पोहोचतात काय, एवढे पाहणे राहते. अमेरिकेत गुंटर ओबरडॉर्स्टर व सहकाऱ्यांनी २००४ साली उंदरांना सुमारे ३६ नॅनोमीटरांचे कार्बनचे कण हुंगविले, आणि ते कण मेंदूच्या घ्राणकंदात सापडले. गंधाचा मज्जातंतू नाकातून सरळ मेंदूत जातो, तीच त्यांची संभाव्य वाट. २०१६ मध्ये बार्बरा माहेर व सहकाऱ्यांनी मेक्सिको शहर व मँचेस्टर येथील ३७ मृत व्यक्तींच्या मेंदूंची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांत मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे गोलसर अब्जांश कण आढळले. शरीरात आपोआप बनणाऱ्या मॅग्नेटाइटचे स्फटिक कोनदार असतात, आणि हे कण मात्र उष्णतेत वितळून थिजलेल्या, धुरातून येणाऱ्या कणांसारखे होते. कण सापडणे म्हणजे रोगाचे कारण सापडणे नव्हे. तथापि लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२० मध्ये स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांच्या यादीत हवेच्या प्रदूषणाची भर घातली व २०२४ च्या अहवालातही ते कायम ठेवले. संशय आता प्रयोगशाळेबाहेर आला आहे.

या पार्श्वभूमीवर आमचा कायदा धूळ कशी मोजत आला आहे ते पाहू. १९४८ च्या कारखाना कायद्यात सिलिकोसिस हा अधिसूचनीय रोग म्हणून नोंदला गेला. त्याच कायद्यान्वये गारगोटीच्या श्वसनीय धुळीची मर्यादा एका सूत्राने ठरत असे: धुळीतील गारगोटीच्या टक्केवारीत २ मिळवावेत व त्या संख्येने १० ला भागावे, येईल तितके मिलिग्रॅम एका घनमीटर हवेत चालतील. धूळ निव्वळ गारगोटीची असेल तर ही मर्यादा ०.१ मिलिग्रॅमच्या जवळपास येत असे. आता हे ०.१ मिलिग्रॅम पाच मायक्रोमीटरांच्या कणांचे असेल, तर त्या घनमीटरात सुमारे ३ लाख कण होतील. पन्नास नॅनोमीटरांच्या कणांचे असेल, तर सुमारे ३० हजार कोटी. तराजूस दोन्ही सारखेच. शहराच्या हवेचीही हीच गत आहे. २००९ च्या राष्ट्रीय मानकात अडीच मायक्रोमीटरांखालील धूलिकणांची वार्षिक मर्यादा घनमीटरास ४० मायक्रोग्रॅम, म्हणजे पुन्हा वजनातच, सांगितली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये प्रथमच अतिसूक्ष्म कण संख्येने मोजावेत, आणि दिवसभराच्या सरासरीत घनसेंटिमीटरास १०,००० हून अधिक कण ही जास्त संख्या समजावी, असे मार्गदर्शन केले.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. धुळीचे मोजमाप करताना आम्ही दोन गोष्टी वगळतो. कणाचा आकार वगळतो, कारण तराजू तो जाणत नाही. आणि पेशीचे वय वगळतो, कारण चाचणी तरुणाची व थोड्या काळाची असते. परिणामी जी हानी लहान कणाने, हळूहळू, उतारवयात होईल, ती आमच्या नोंदवहीत येण्याचा मार्गच उरत नाही. गोध्र्याहून परत आलेल्या मजुराच्या छातीचे क्ष-किरण चित्र निघते. तीस वर्षांनी त्याचा हात का कापू लागला वा स्मृती का मंदावली, हे विचारण्यासाठी कोणताही रकाना नाही. त्याहून कटू सत्य असे की, त्या पट्ट्यातील अनेकांस उतारवय लाभलेच नाही. जे मज्जापेशीचे वार्धक्य शास्त्रज्ञ कृमीत शोधीत आहेत, तेथवर पोहोचण्यापूर्वीच फुप्फुसाने त्यांस दगा दिला. म्हणून नव्या शोधाने जुन्या कर्तव्याचा विसर पडता कामा नये. पाण्याचा फवारा, बंदिस्त दळणयंत्र, धूळ उगमापाशीच ओढून घेणारी नळी, हे उपाय फुप्फुसासाठी केव्हाच सिद्ध झालेले आहेत. आणि उगमापाशी अडलेली धूळ नाकाच्या वाटेने मेंदूकडे जाण्याचा प्रश्नही उद्भवत नाही.

अकादमीच्या सभासदांकडे आणि शिक्षकांकडे या कामाचा एक वाटा येतो. अब्जांश कण, घ्राणकंद, प्रथिनांची घडी हे शब्द केवळ परिभाषाकोशात राहून चालणार नाहीत. ते आठवीच्या मुलास कळतील अशा वाक्यांत यावयास हवेत. एक घन कापून त्याचे पृष्ठफळ काढण्याचे उदाहरण कोणत्याही शाळेत फळ्यावर करता येईल. आणि गंधवानीसारख्या तालुक्यातील शाळेत हजेरी घेताना एखादे मूल आईबापांबरोबर ‘कामाला गेले’ असे कळले, तर कोठे व कोणत्या कामाला, एवढे शिक्षकाने विचारून लिहून ठेवावे. कायद्याच्या नोंदवहीत जो रकाना अद्याप नाही, तो निदान शाळेच्या वहीत असावा. पुढे कधी या माणसांच्या वार्धक्याचा हिशेब मांडण्याची वेळ आली, तर कोण केव्हा कोणत्या धुळीत होता, हे सांगणारा दुसरा पुरावा बहुधा मिळणार नाही.